अडकलेली किल्ली

दाराच्या कुलपात किल्ली तुटणे ही काही मोठी आपत्ती नव्हे. तिची बातमी होत नाही, की तिच्यासाठी कोणी धावून येत नाही. तरीही ज्याच्यावर ती ओढवते, त्याला तेवढ्या वेळापुरते जगातील दुसरे कोणतेही संकट तिच्याहून मोठे वाटत नाही. घर आपले, दार आपले, कुलूप आपल्याच पैशांनी विकत घेतलेले; आणि आपण मात्र जिन्यात उभे, हातात किल्लीची नुसती मूठ. अशा वेळी माणूस जे जे करतो, त्यावरून त्याच्या समजुतीची बरीच परीक्षा होते. माझी झाली, आणि त्या परीक्षेत मी फारशी उत्तीर्ण झाले नाही, हे आधीच सांगून टाकते.

आम्ही पुण्यात एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहतो. आषाढातील ती संध्याकाळ होती. आठ दिवस पावसाची झड लागलेली. मी भाजी घेऊन परत आले, कुलपात किल्ली घातली आणि नेहमीप्रमाणे फिरवली. ती फिरेना. गेले आठ-दहा दिवस ती जडच जात होती. मग मी तिला थोडा जोर दिला, आणखी थोडा दिला. ‘कट्’ असा बारीकसा आवाज झाला. मूठ माझ्या हातात राहिली आणि दात्यांचा सगळा भाग कुलपाच्या आत.

घरात आई होती. तिचे वय ऐंशीच्या घरात. गुडघ्यांमुळे तिला उठणे-बसणे जड जाते. दार उघडण्यासाठी तिला उठावे लागू नये, म्हणून बाहेर जाताना मी किल्लीचा जास्तीचा एक फेरा देऊन जात असे. आमच्या कुलपाची रचना अशी की, तो फेरा दिला की आतला खटकाही फिरत नाही. म्हणजे आईच्या सोयीसाठी म्हणून मी रोज तिला घरात कोंडत होते. ही गोष्ट त्या क्षणापर्यंत माझ्या ध्यानातही आली नव्हती. घरोघरी वृद्धांना आणि लहान मुलांना असेच बाहेरून कुलूप लावून ठेवले जाते. गॅस गळला, विजेच्या तारेने पेट घेतला, तर आतल्या माणसाने काय करायचे, हा प्रश्न आपण स्वतःला विचारत नाही.

जिन्यात माणसे जमली. प्रत्येकाकडे एकेक उपाय होता. पहारेकऱ्याने पक्कड आणली. पण तुटलेला भाग भोकाच्या कडेशी अगदी सपाट झालेला असल्याने पकडीच्या चोचीत काही येईना. उलट तिच्या रेट्याने तो आणखी किंचित आत सरकला. खालच्या मजल्यावरील एका तरुणाने चिकटवण्याच्या द्रावाची बाटली पुढे केली. तुटलेल्या मुठीला एक थेंब लावायचा, ती आतल्या तुकड्याला चिकटवायची आणि ओढायची, असा त्याचा बेत होता. सुदैवाने तो कोणी मानला नाही. तो द्राव कुलपाच्या आत ओघळला असता, तर किल्लीबरोबर कुलूपही कायमचे गेले असते. तिसऱ्याचे म्हणणे, दारच तोडावे. आतून आई विचारत होती, “काय झालं गं?” आणि मी सांगत होते, “काही नाही, दोन मिनिटांत उघडते.” त्या दोन मिनिटांचा एक तास झाला.

शेवटी कोणीतरी मंडईजवळच्या कडुनिंबाखाली बसणाऱ्या किल्लीवाल्याला घेऊन आले. पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ, सायकलला अडकवलेली पत्र्याची पेटी, अंगावर अर्धवट भिजलेला सदरा. त्याने कुलपाकडे पाहिलेसुद्धा नाही. आधी माझ्याकडे पाहून म्हणाला, “ताई, घर तुमचंच ना? शेजारचं कोणीतरी सांगू दे.”

मला राग आला. माझी आई आत, मी दारात ताटकळलेली, भोवती दहा माणसे, आणि हा मला माझ्याच घराचा पुरावा मागतो! समोरच्या वहिनींनी हसून ग्वाही दिली, तेव्हा कुठे त्याने पेटी उघडली. हा राग किती चुकीचा होता, हे समजायला मला पुढे बरेच दिवस लागले.

त्याने पेटीतून विजेरी काढली आणि भोकात बराच वेळ पाहत राहिला. मग माझ्या हातातील मूठ मागून घेतली, तिच्या तुटक्या कडेवरून अंगठा फिरवला. म्हणाला, “मानेला तुटलीय. दाते सगळे आत शाबूत आहेत. बरं झालं.” पुढे त्याने कुलपाला हात न लावता दाराच्या कडेवरून बोटे फिरवली, वरपासून खालपर्यंत. आणि म्हणाला, “कुलपाचा दोष नाही ताई. दार फुगलंय.”

तो काय म्हणत होता, ते कळण्यासाठी कुलपाच्या पोटात काय असते, ते थोडे पाहावे लागेल. आपल्या दारांना आज जी कुलपे बसवलेली असतात, त्यांतील बरीचशी एकाच तत्त्वावर चालतात. कुलपाच्या आत एक लहानशी फिरणारी नळी असते. किल्ली शिरते ती तिच्या फटीत. या नळीला आणि तिच्या बाहेरच्या आवरणाला जोडून धरणाऱ्या पिनांच्या जोड्या असतात, बहुधा पाच. प्रत्येक जोडीवर एकेक बारीक स्प्रिंग दाबून बसलेली असते. किल्लीवरच्या खाचा म्हणजे नक्षी नव्हे. प्रत्येक खाच आपापल्या जोडीला नेमकी इतकीच उचलते की, दोन पिनांमधला सांधा नळीच्या काठाशी जुळतो. पाचही सांधे जुळले की नळी मोकळी होते आणि फिरते. एक जरी केसभर खाली-वर राहिला, तरी फिरत नाही. लाकडी खुंट्या वापरून हेच तत्त्व इजिप्तमध्ये हजारो वर्षांपूर्वी योजले गेले होते. आज आपण वापरतो ती चपटी किल्ली आणि आटोपशीर कुलूप यांचे पेटंट अमेरिकेतील लायनस येल या कारागिराने १८६१ साली घेतले. ते एका लायनस येलचेच चिरंजीव. वडिलांचाही धंदा कुलपांचाच होता.

नळी फिरली की तिच्यासोबत कुलपाची जीभ मागे सरते, आणि दार उघडते. आमच्या बाबतीत नळीत काही बिघाड नव्हता. आठ दिवसांच्या ओलीने दाराचे लाकूड फुगले होते. दार चौकटीत पुरते बसत नसल्यामुळे कुलपाची जीभ चौकटीतल्या लोखंडी पट्टीवर घट्ट दाबली गेली होती. ती सुटेना, म्हणून मी रोज किल्लीवर थोडा थोडा जास्त जोर देत होते. किल्ली पितळेची. पितळेवर खाचा सहज पाडता येतात, म्हणून किल्ल्यांना ते सोयीचे. पण खाच पाडली की तिथले धातूचे अंग कमी होते आणि पिळाचा सारा ताण त्या अरुंद जागी एकवटतो. तिथे आधी डोळ्यांना न दिसणारी चीर पडते. रोजच्या पिळण्याने ती वाढत जाते, आणि एका संध्याकाळी किल्ली तुटते. आपण म्हणतो, ‘अचानक तुटली’.

किल्लीवाल्याने दाराजवळ तोंड नेऊन आवाज दिला, “आजी, ऐकू येतंय का? सावकाश या. दाराला आतून दोन्ही तळहात लावा आणि बाहेरच्या बाजूला हलकंच रेटा. मी सांगेपर्यंत सोडू नका.” बाहेरून त्याने वहिनींना दाराची मूठ धरून आपल्याकडे ओढायला सांगितले. दाबलेली जीभ त्यामुळे पट्टीवरून मोकळी झाली असावी. त्याने एक अगदी पातळ स्क्रू-ड्रायव्हर नळीच्या फटीत टेकवला आणि, जणू तुटलेली किल्ली अजून धडधाकटच आहे अशा सहजतेने, तो फिरवला. एकदा, मग पुन्हा एकदा. दार उघडले. आई दोन्ही तळहात पुढे धरून तशीच उभी होती.

जो तुकडा आम्ही तासभर शत्रू समजून उपटू पाहत होतो, त्यानेच पाचही पिना योग्य जागी उचलून धरल्या होत्या. कुलपाला किल्ली मिळालेली होती. फक्त तिला फिरवायला मूठ नव्हती. हे आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आले नाही. जमलेल्यांत दोन अभियंते होते, हेही नमूद करते.

तुकडा काढण्याचे काम त्याने नंतर केले. फट उभी सरळ आणून ठेवली. ती तिरपी असेल तर पिना अर्धवट अडकतात आणि तुकडा निघत नाही. मग नक्षीकामाच्या करवतीचे बारीक पाते दात्यांच्या बाजूने आत सरकवले. पात्याचे दात बाहेरच्या दिशेला वळलेले. ते किल्लीच्या एका खाचेत रुतले, आणि तुकडा पिनांवरून एकेक टप्पा खाली उतरत बाहेर आला. पेटीतल्या लहानशा यंत्रावर त्याने दोन्ही तुकडे एकमेकांना टेकवून बसवले, त्यांच्या मापाने नवी किल्ली कापली आणि कानशीने तिच्या कडा मऊ केल्या. आमची तुटलेली किल्ली मूळची नव्हती. ती नकलेवरून काढलेली नक्कल होती. मूळची घर बदलताना हरवली. प्रत्येक नकलेत केसभर फरक पडतो आणि पुढच्या नकलेत तो वाढतो, असे तो म्हणाला. कुलपात तेल सोडू का, असे मी विचारले, तर त्याने मान हलवली. तेलावर धूळ बसते आणि पुढे तिचा चिकटा होतो. त्याने आईची पेन्सिल मागून घेतली आणि तिचे शिसे नव्या किल्लीच्या दोन्ही अंगांना घासले. पेन्सिलीचे शिसे म्हणजे खरे तर ग्राफाइट. ते कोरडे राहूनच वंगणाचे काम करते.

सगळे मिळून वीस मिनिटे लागली. त्याने तीनशे रुपये सांगितले. आणि मी, ज्या बाईचे दार तुटता तुटता वाचले होते ती मी, म्हणाले, “वीस मिनिटांचे तीनशे?”

तो पेटी आवरत होता. वर न पाहता म्हणाला, “ताई, दोन तास लावले असते तर जास्त बरं वाटलं असतं का?”

मी पैसे दिले. पण तो प्रश्न माझ्यापाशी राहिला. आपण श्रमाचे मोल घामावरून आणि घड्याळावरून ठरवतो. हातोडा घेऊन कोणी दोन तास दार फोडले असते, तर त्याची मजुरी आपल्याला रास्त वाटली असती. ज्याने काहीही न फोडता काम केले, त्याचे काम मात्र ‘सोपे’ ठरते. डॉक्टर नाडी पाहून दोन मिनिटांत औषध लिहून देतात, तेव्हा मिनिटांचा हिशेब कोणी करत नाही. तिथे आपण त्यांच्या शिक्षणाच्या वर्षांचे पैसे देतो. किल्लीवाल्याचीही वर्षेच असतात, फक्त ती भिंतीवर चौकट करून टांगलेली नसतात. दारावरून बोटे फिरवून ‘दार फुगलंय’ असे सांगणे, हे निदान आहे. त्याला दुसरा शब्द मला सुचत नाही.

या कारागिरांविषयी आपल्या मनात आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे संशय. दार उघडल्यावर आमच्या जिन्यातही एक वाक्य ऐकू आलेच : “इतक्या सहज उघडतो, म्हणजे यांच्यापासून जपून राहायला हवं.” मला हा विचार अन्यायाचा वाटतो, पण तो निव्वळ दुष्टपणाचा आहे असे म्हणता येणार नाही. कुलूप उघडण्याची विद्या ज्याला येते, त्याच्या हाती एक शक्ती असते, आणि शक्तीची भीती माणसाला वाटायचीच.

हा वाद नवा नाही. लंडनमध्ये जोसेफ ब्रामा या कुलूपकाराच्या दुकानाच्या खिडकीत १७९० पासून एक कुलूप ठेवलेले होते. जो कोणी ते किल्लीविना उघडील, त्याला दोनशे गिनींचे बक्षीस, असे आव्हान त्यावर लिहिलेले होते. साठ वर्षांहून अधिक काळ ते आव्हान तसेच राहिले. १८५१ साली लंडनमध्ये मोठे जागतिक प्रदर्शन भरले, तेव्हा आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज नावाचा अमेरिकन कुलूपकार तिथे आला आणि त्याने ते कुलूप उघडले. त्याला सोळा दिवसांच्या अवधीत मिळून सुमारे एक्कावन्न तास लागले. इंग्लंडमध्ये मोठी खळबळ उडाली. अशी विद्या उघड्यावर दाखवणे समाजाला घातक, असे म्हणणारे तेव्हाही होते. त्यावर दुसऱ्या बाजूचे उत्तर असे होते की, चोरांना कुलपांचे दोष आधीपासूनच ठाऊक असतात. ठाऊक नसतात ते कुलूप विकत घेणाऱ्या सज्जनांना. मला ही दुसरी बाजू पटते. त्या घटनेनंतर कुलूपकारांना आपली कुलपे सुधारावी लागली, हेही खरे. एक गोष्ट मात्र तेव्हाच स्पष्ट झाली होती : न उघडणारे कुलूप अजून कोणी बनवलेले नाही. कुलूप वेळ विकत घेऊन देते, एवढेच.

आपल्याकडे कुलपांचा उद्योग लहान नाही. उत्तर प्रदेशातील अलिगढ हे गाव कुलपांसाठी देशभर ओळखले जाते. मुंबईत आर्देशिर गोदरेज यांनी वकिली सोडून १८९७ साली कुलपे बनवायला सुरुवात केली, आणि एक मोठा उद्योगसमूह त्यातून उभा राहिला. कुलूप करणाऱ्याला अशी प्रतिष्ठा मिळाली. ते बिघडल्यावर उघडून देणारा मात्र फुटपाथवरच राहिला. महाराष्ट्रातील अनेक गावांत हे काम शिकलगार समाजातील माणसे करतात. हत्यारांना धार आणि झिलई देणे हा त्यांचा पूर्वापार व्यवसाय. त्यांचे नावच झिलईच्या कामावरून आले आहे. हत्यारांचा काळ गेला, तेव्हा हीच बोटे किल्ल्यांकडे वळली. या ज्ञानाचे पुस्तक नाही. ते बापाच्या शेजारी बसून मुलाने उचललेले असते.

मग त्याला मान्यता कशी द्यावी? केंद्र सरकारची प्रधानमंत्री कौशल विकास योजना २०१५ साली सुरू झाली. कामातून आधीच अवगत केलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची तरतूद तीत केली गेली. विचार स्वागतार्ह आहे. त्याआधी, २०१४ साली पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा कायदा झाला. रस्त्यावर माल विकणाऱ्यांबरोबरच लोकांना सेवा पुरवणारेही त्यात धरलेले आहेत. म्हणजे कडुनिंबाखालचा किल्लीवाला कायद्याच्या दृष्टीने उपरा नाही. मला वाटते, स्थानिक संस्थेने दिलेले छायाचित्रासह ओळखपत्र प्रत्येक किल्लीवाल्याच्या पेटीवर असावे. ते पाळत ठेवण्यासाठी नको. दार उघडून घेणाऱ्याला विश्वास वाटावा आणि दार उघडून देणाऱ्याला कोणी ऊठसूट हटकू नये, म्हणून ते हवे. कागदाने सगळे होईल, असे मात्र मी म्हणणार नाही. त्या संध्याकाळी मला घराची ग्वाही मागणारा माणूस कोणत्या प्रमाणपत्रामुळे तसे वागत नव्हता. साबणावर उमटवलेला ठसा घेऊन कोणी आला, तर त्याला परत पाठवतो, असेही तो बोलता बोलता म्हणाला होता. त्याची कमाई त्यामुळे बुडते. आपली घरे कुलपामुळे जितकी सुरक्षित आहेत, तितकीच त्याच्या या नकारामुळेही आहेत. मला त्याच्या ज्या प्रश्नाचा राग आला, तोच त्याने उद्या माझ्या दारापुढे उभ्या असलेल्या एखाद्या परक्याला विचारावा, असेच मला वाटायला नको का?

आमच्या घरात त्यानंतर काही बदल झाले. जास्तीचा फेरा देणे मी त्याच दिवशी बंद केले. आता आतला खटका नेहमी फिरतो. एक किल्ली समोरच्या वहिनींकडे असते. पावसाळा सरल्यावर, लाकूड वाळू दिल्यावर, सुताराने दाराच्या कडेवर रंधा फिरवला. त्याआधी फिरवला असता, तर उन्हाळ्यात दाराला फट पडली असती, असे तो म्हणाला. त्याच्याशी मी पैशांची घासाघीस केली नाही.

पुढे दिवाळीच्या सुमारास आणखी एक किल्ली करून घ्यायला मी मंडईकडे गेले, तर कडुनिंबाखाली कोणी नव्हते. फुटपाथ धुऊन स्वच्छ केलेला. झाडाच्या खोडावर किल्लीच्या आकाराचा पत्रा टांगलेला असे, त्याचा नुसता खिळा उरला होता. शेजारचा चहावाला म्हणाला, सगळ्यांनाच उठवले, आता तो सायकलवर फिरून कामे करतो. त्याने एका कागदावर मला त्याचा मोबाइल क्रमांक लिहून दिला. घरी आल्यावर आईने तो कागद हातातून घेतला, पेन्सिल शोधली आणि दाराशेजारच्या भिंतीवर, दूधवाल्याच्या आणि डॉक्टरांच्या क्रमांकांखाली, ठळक अक्षरांत तो उतरवून ठेवला.